पन्नास पेट्या माती

गेल्या महिन्यात, मूळच्या अमरावतीच्या आणि सध्या पुण्यात शिकणाऱ्या एका वाचक मुलीचे दीर्घ पत्र आमच्याकडे आले. ती कुमारवयीन वाचकांसाठी कादंबरी लिहीत आहे. कादंबरीची नायिका बारावीनंतर पुण्यातल्या एका महाविद्यालयात प्रवेश घेते, मुलींच्या वसतिगृहात राहू लागते आणि पहिल्याच सत्रात एका ज्येष्ठ रूममेटमुळे व्हॅम्पायर होते. दिवाळीच्या सुटीत तिला घरी जायचे आहे, आणि तिथे लेखन अडले आहे. पत्राचा सारांश गेल्या अंकात छापल्यावर इतर वाचकांनीही त्यावर प्रश्न पाठवले. या वेळचे सदर त्या सर्वांसाठी आहे.

प्रश्न : माझ्या मैत्रिणी म्हणतात की व्हॅम्पायर आपल्याकडचा नाही. घर सोडून शिकायला येण्याची गोष्ट सांगायची असेल तर ती सरळ सांगावी, त्यात दात आणि रक्त कशाला? आता मलाही शंका येऊ लागली आहे. कादंबरीतून व्हॅम्पायर काढून टाकू का? – एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : काढू नका. मैत्रिणींच्या म्हणण्यात तथ्य एवढेच आहे की केवळ दात आणि रक्त यांवर भिस्त ठेवलेली कथा मराठीत उपरी वाटते. पण व्हॅम्पायरची कथा मुळात दातांची नाहीच. ती घराची आणि उंबरठ्याची कथा आहे, आणि म्हणूनच तुमच्या विषयाला ती जितकी लागू पडते तितकी दुसरी कोणतीही भयकथा पडणार नाही.

1725 साली सर्बियाच्या ज्या भागावर ऑस्ट्रियाची सत्ता होती, तिथल्या किसिलोवा नावाच्या खेड्यातली हकिकत एका सरकारी अधिकाऱ्याने नोंदवून ठेवली आहे. गावातला एक शेतकरी वारला, पाठोपाठ आठ दिवसांत नऊ माणसे दगावली, आणि मेलेला शेतकरीच रात्री येऊन आपला गळा दाबतो असे त्यांनी मरण्यापूर्वी सांगितले. त्या शेतकऱ्याच्या बायकोचे सांगणे मात्र वेगळे होते. तो घरी आला आणि त्याने आपल्या वहाणा मागितल्या, असे ती म्हणाली आणि गाव सोडून गेली. मला या सगळ्या नोंदीत त्या वहाणाच सर्वांत भयंकर वाटतात. तिथे राजवाडा नाही, काळा झगा नाही, देखणा उमराव नाही. आहे तो घरचाच माणूस, ज्याचे घरातून निघणे पुरते पार पडलेले नाही, आणि जो आपली राहिलेली वस्तू न्यायला परत आला आहे. लोकसमजुतीतला जुना व्हॅम्पायर असा होता; तो परक्यांकडे फारसा जात नसे, आपल्याच गावी आणि आपल्याच माणसांकडे येत असे.

पुढे साहित्याने त्याला प्रवासाला काढले. 1897 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रॅम स्टोकर यांच्या ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीत तो ट्रान्सिल्व्हेनियातून लंडनला जातो, आणि त्याला आपल्या भूमीतल्या मातीखेरीज विसावा मिळत नसल्यामुळे जाताना त्या मातीने भरलेल्या पन्नास पेट्या जहाजावर चढवतो. कथेच्या शेवटी त्याचा पाठलाग करणारे एकोणपन्नास पेट्या निकामी करतात आणि उरलेल्या एकाच पेटीच्या आधाराने तो घरच्या वाटेला लागतो. हे मी तुम्हाला मुद्दाम सांगते आहे, कारण परगावी निघालेल्या माणसाचे याहून नेमके चित्र माझ्या वाचनात आलेले नाही. मी चिपळूणहून पुण्यात शिकायला आले तेव्हा माझ्याबरोबर एक लोखंडी ट्रंक होती. आईने तीत कुळथाचे पीठ, आमसुले आणि फणसाची साठे भरून दिली होती. कात्रजचा बोगदा ओलांडून एस. टी. खाली उतरू लागली आणि पुण्याचे दिवे दिसले, तेव्हा मी सीटखालच्या त्या ट्रंकेवर पाय टेकवून बसले होते. पुढचे कित्येक महिने ती माझ्या कॉटखाली होती. तिचे झाकण उघडल्यावर येणारा वास घेतल्याशिवाय मला झोप लागत नसे.

त्याच कादंबरीतला आणखी एक तपशील तुमच्या फार उपयोगाचा आहे. ड्रॅक्युला लंडनला निघण्यापूर्वी इंग्रजी पुस्तके वाचतो, तिथल्या रीतिभाती शिकतो आणि आलेल्या इंग्रज पाहुण्याला आपले उच्चार सुधारून द्यायला सांगतो. आपले बोलणे कानावर पडताच कोणी बोलता बोलता थांबू नये, एवढीच त्याची इच्छा असते. ज्यांनी बाहेरगावाहून पुण्यात येऊन मेसमधल्या टेबलावर पहिले वाक्य उच्चारले आहे, त्यांना ही भीती समजावून सांगावी लागत नाही. माझा कोकणी हेल ऐकून शेजारच्या मुली बोलणे थांबवून वळून पाहत असत, आणि म्हणून पहिला महिनाभर मी ताटाकडे पाहत मुकाट्याने जेवले. तुमची नायिका घरी फोनवर ‘मी अभ्यास करून राहिली’ असे म्हणेल आणि फोन ठेवताच खोलीत ‘मी अभ्यास करते आहे’ असे म्हणेल, तेव्हा तिच्यात होऊ घातलेला पालट वाचकाला दिसेल. चावा त्याच्यानंतर आला तरी चालेल.

तेव्हा तुम्हाला ठरवायचे आहे ते हे, की तिच्या पन्नास पेट्या कोणत्या. तुम्ही पाठवलेल्या प्रकरणांत ती व्हॅम्पायर झाल्यावर जेवू शकत नाही, असे एका ओळीत सांगून पुढे गेला आहात. तिथे थांबा. तिची आई दर महिन्याला अमरावतीहून ट्रॅव्हल्सच्या गाडीने डबा पाठवत असेल, त्यात जवसाची चटणी आणि कुरोड्या असतील, आणि मुलगी पहाटे गाडीवाल्याकडून तो घेऊन येत असेल. तिला ती चटणी आता खाता येत नाही, पण टाकवतही नाही, म्हणून कॉटखाली डब्यांची रांग वाढत जाते. आई फोनवर विचारते, ‘चटणी संपली का?’ या प्रश्नाला ती जे खोटे उत्तर देईल, त्यात तुमच्या कादंबरीचे सगळे दुःख मावेल.

प्रश्न : पुण्यात वेताळ टेकडी असताना आपल्या लेखिकेने व्हॅम्पायरकडे का जावे? वेताळ म्हणजेच व्हॅम्पायर ना? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : नाही, आणि हा गैरसमज जुना आहे. 1870 साली रिचर्ड बर्टन यांनी वेताळाच्या कथांचे इंग्रजी रूपांतर केले तेव्हा पुस्तकाच्या नावातच वेताळाला व्हॅम्पायर करून टाकले. पण अकराव्या शतकात सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त सांगितलेला वेताळ रक्तावर जगत नाही. तो प्रेतात शिरतो, राजाच्या खांद्यावर बसून कथा सांगतो, कोडे घालतो आणि राजाने तोंड उघडताच पुन्हा झाडावर जाऊन लटकतो. कोकणात आणि गोव्यात तर तो गावाचा राखणदार आहे, त्याला नारळ आणि मान मिळतो. आपल्या टेकडीच्या माथ्यावरच्या वेताळाच्या देवळातही माणसे पाया पडायला जातात, लपायला नव्हे.

आपल्या भुतांचे वैशिष्ट्य असे की ती बहुतेक एका जागेला बांधलेली असतात. सोडमुंज होण्याआधी गेलेला मुंजा पिंपळावर राहतो, समंध आपल्या जमीनजुमल्याला आणि पुरलेल्या धनाला चिकटून असतो. त्यांच्यापैकी कोणी सामान बांधून दुसऱ्या शहरात प्रवेश घ्यायला जात नाही. प्रवास करणारे, परक्या शहरात खोली शोधणारे आणि तिथल्या लोकांसारखे दिसू पाहणारे भूत हवे असेल तर व्हॅम्पायरच घ्यावा लागेल. मात्र नायिकेला एका अमावास्येच्या रात्री टेकडीवर जरूर न्यावे, कारण शहरात नव्याने आलेल्या व्हॅम्पायरला जागेचा जुना राखणदार काय विचारील, हा प्रसंग लिहिण्याजोगा आहे. वेताळाने प्रश्नच विचारावा, तो त्याचा स्वभाव आहे; आणि तो प्रश्न बहुधा ‘तू कुठली?’ हाच असावा.

प्रश्न : व्हॅम्पायर उन्हात जळतो. मग ही मुलगी सकाळी सव्वासातचे तास कसे करणार? इथे कथानक कोसळते. – एक प्राध्यापक, पुणे

उत्तर : उन्हात जळून जाणे हा नियम वाटतो तितका जुना नाही. स्टोकर यांचा ड्रॅक्युला दिवसा लंडनच्या रस्त्यावर वावरतो, फक्त त्याच्या शक्ती तेव्हा चालत नाहीत. सूर्यप्रकाशाने व्हॅम्पायर नष्ट होतो ही कल्पना 1922 सालच्या एका जर्मन मूकपटाने रूढ केली. त्यामुळे लेखिकेला निवड करण्याची पूर्ण मोकळीक आहे. माझे मत विचाराल तर जळण्याचा नियम ठेवू नये. दिवसा ती दुबळी असावी, वर्गात मागच्या बाकावर बसावी, हजेरीला ‘उपस्थित’ म्हणताना तिचा आवाज जेमतेम निघावा. नव्या शहरातल्या पहिल्या सत्रात निम्म्या मुलींची अवस्था अशीच असते.

पण नियम ठेवायचाच असेल तर घड्याळ काटेकोर हवे. पुण्यात जूनमध्ये सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि सव्वासातच्या आसपास मावळतो, तर डिसेंबरअखेरीस तो सातच्या सुमारास उगवून सहा वाजून गेल्यावर मावळतो. म्हणजे प्रवेशाच्या दिवसांत तिच्या वाट्याला लहान रात्री येतात आणि जसजसे सत्र पुढे सरकते तसतशा त्या लांबत जातात. शिवाय अमरावती पुण्याच्या पूर्वेला जवळजवळ चार रेखांश दूर आहे, त्यामुळे दिवाळीच्या सुमारास तिथे सूर्य पुण्यापेक्षा बारा-तेरा मिनिटे आधी उगवतो. रात्रीच्या गाडीने घरी निघालेली मुलगी जर पुण्याच्या सवयीने वेळ मोजत असेल, तर हा फरक तिच्या जिवावर बेतू शकतो. जिथे ती लहानाची मोठी झाली त्या गावाच्या पहाटेचाच तिचा अंदाज चुकावा, याहून घर दूर गेल्याची खूण कोणती देता येईल?

आणि प्राध्यापकमहाशय, सकाळच्या तासांपेक्षा मोठी अडचण रात्रीची आहे, ती तुमच्या पत्रात आलेली नाही. मुलींच्या वसतिगृहांचे फाटक ठरावीक वेळेला बंद होते, वहीत सही करावी लागते, उशीर होणार असेल तर रेक्टरबाईंची आणि कधी कधी स्थानिक पालकांचीही परवानगी लागते. ज्या मुलीला आजवर दिवेलागणीनंतर एकटीने कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊ दिलेले नाही, तिला अचानक रात्रच तेवढी जगायला मिळते, आणि त्या रात्रीभोवती कुलूप असते. रात्री दोन वाजताचे लक्ष्मी रस्त्यावरचे बंद शटर, नदीपात्रातला रिकामा रस्ता, संभाजी पूल, पहाटे आप्पा बळवंत चौकात वर्तमानपत्रांचे गठ्ठे सोडणारी माणसे, हे पुणे शहर किती मुलींनी निर्धास्तपणे पाहिले आहे? भीती वाटण्याऐवजी आपणच भीतीचे कारण झालो आहोत, हे तिला रस्त्यात प्रथम जाणवते तो क्षण आनंदाचा असणार, आणि लेखिकेने तो आनंद अपराधाच्या भावनेने झाकून टाकू नये असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : रक्ताची सोय रक्तपेढीतून करावी का? म्हणजे कोणाला इजा होणार नाही. – विज्ञान शाखेचा एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : इजा होते, फक्त ती दिसत नाही. रक्तदात्याकडून एका वेळी 350 किंवा 450 मिलिलिटर रक्त घेतले जाते, थंड तापमानात ते साधारण 35 दिवस टिकते, आणि त्यातली प्रत्येक पिशवी कोणत्या तरी रुग्णासाठी असते. ती चोरणारी नायिका निष्पाप राहत नाही, आणि तसे ती मानत असेल तर वाचकाने तिच्यावर विश्वास ठेवू नये.

तुम्ही विज्ञानाचे विद्यार्थी आहात म्हणून सांगते, निसर्गात याचे वेगळे उत्तर आहे. रक्तावर जगणाऱ्या वटवाघळांच्या तीनच जाती आहेत आणि त्या सर्व अमेरिका खंडात आढळतात. त्यांतले सर्वपरिचित वटवाघूळ लागोपाठ दोन-तीन रात्री उपाशी राहिले तर मरते, परंतु ज्या रात्री एखादीला भक्ष्य मिळत नाही त्या रात्री त्याच ढोलीतली दुसरी आपल्या पोटातले रक्त काढून तिला भरवते. जेरल्ड विल्किन्सन यांनी 1984 साली हे संशोधन प्रसिद्ध केले. जिने आधी भरवले आहे तिला परत भरवले जाते, असेही त्यात दिसले. मनीऑर्डर उशिरा आली की एकमेकींच्या डब्यावर महिना काढणाऱ्या मुली मी वसतिगृहात पाहिल्या आहेत. नायिकेची ज्येष्ठ रूममेट केवळ चावणारी न ठेवता भरवणारीही ठेवली, तर त्या दोघींच्या नात्यात पुष्कळ काही लिहिण्यासारखे निघेल.

प्रश्न : माझी सोळा वर्षांची मुलगी सतत व्हॅम्पायरच्या प्रेमकथा वाचते. दोन वर्षांनी ती पुण्याला शिकायला जाईल. हे वाचन तिला बिघडवील का? – एक आई, कराड

उत्तर : ताई, वाचनाने ती बिघडणार नाही. पण त्या कथांतली एक गोष्ट तिच्याशी बोलण्यासारखी आहे. ‘ड्रॅक्युला’त असा नियम सांगितला आहे की घरातल्या कोणी बोलावल्याशिवाय व्हॅम्पायरला पहिल्यांदा आत येता येत नाही, पण एकदा बोलावले की त्यानंतर तो मनात येईल तेव्हा येऊ शकतो. यातला दुसरा भाग तिला वाचून दाखवा आणि तो तिला पटतो का ते विचारा. एकदा ‘ये’ म्हटले म्हणून दार कायमचे उघडे राहिले पाहिजे का, आधी दिलेला होकार नंतर मागे घेता येतो की नाही, शेकडो वर्षे जगलेला पुरुष आणि सतरा वर्षांची मुलगी यांच्यात बरोबरी कशी असेल, यावर ती तुमच्याशी बोलेल, कारण तुम्ही तिच्याबद्दल नव्हे तर तिच्या आवडीच्या पुस्तकाबद्दल विचारत असाल. त्यातले एखादे पुस्तक तुम्हीही वाचा, तिच्या आधी वाचून संपवलेत तर अधिक चांगले.

प्रश्न : शेवट सापडत नाही. दिवाळीत ती घरी पोहोचते, पण पुढे काय? आई-वडिलांना कळावे का? तिने परत जावे की घरीच राहावे? – पहिलीच विद्यार्थिनी

उत्तर : कळावे की नाही हे आता ठरवू नका. आधी तिला दारापर्यंत न्या, कारण तुमचा शेवट दारातच आहे आणि तो आपल्या भाषेने तुम्हाला आयता दिला आहे.

घरातून निघताना आपण ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. जूनमध्ये तीही ‘येते’ म्हणूनच निघाली असेल. ते वाक्य पहिल्या प्रकरणात नसेल तर घाला, त्यावर काही भाष्य मात्र करू नका. आता नरक चतुर्दशीची पहाट आहे. अभ्यंगस्नानासाठी सारे घर अंधारात उठले आहे, बंबात पाणी तापते आहे, वाटीत उटणे कालवलेले आहे, अंगणात पणत्या लागल्या आहेत, आणि सूर्य उगवायला थोडी मिनिटे उरली आहेत. मुलगी पाठीवर सॅक घेऊन उंबरठ्याबाहेर उभी आहे. तिला बोलावल्याशिवाय आत जाता येत नाही, आणि आपल्याकडे पोटच्या पोरीला घरात बोलवायची पद्धत नाही. पाहुण्याला ‘या, बसा’ म्हणतात. घरचे माणूस चप्पल काढून सरळ स्वयंपाकघरात जाते. आई आतून विचारते, ‘आलीस?’ तो प्रश्न आहे, ते आमंत्रण नाही. भाऊ येऊन तिच्या खांद्यावरची सॅक काढून घेतो आणि तिच्याशिवायच आत निघून जातो. वडील विचारतात, ‘अशी परक्यासारखी काय उभी?’ त्यांच्यापैकी कोणालाही तो एक शब्द सुचत नाही, कारण तिला तो कधी लागेल असे त्यांच्या स्वप्नातही आलेले नाही. आणि तिलाही तो मागता येत नाही, कारण मागितला तर का हे सांगावे लागेल.

हा प्रसंग सावकाश लिहा, दोन-चार पाने लागली तरी हरकत नाही, आणि घड्याळाकडे लक्ष असू द्या. बोलावणे कोणाच्या तोंडून आणि कशाने येईल, हे तुम्हाला त्या घरातली माणसे माझ्याहून अधिक ओळखत असल्यामुळे तुम्हीच शोधायचे आहे. माझ्या डोळ्यांसमोर मात्र आई येते. प्रवासातून आलेल्या लेकीवरून ओवाळून टाकायला ती हातात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात येते, पणतीच्या उजेडात मुलीचा चेहरा पहिल्यांदा नीट पाहते आणि क्षणभर तिचा हात थबकतो. तुकडा ओवाळून टाकून झाल्यावर ती बाजूला सरते आणि काय म्हणते, तेवढे लिहून मला पाठवा.